रेंज आलीच नाही तर? स्प्रेडशीट वाचणाऱ्या कोडमध्ये हरवलेला सेल-पत्ता कसा हाताळावा

एका गृहनिर्माण संस्थेची देखभाल शुल्काची शीट घेऊ. १२० फ्लॅट आणि वर्षाचे १२ महिने, म्हणजे १,४४० ओळी. कॉलम सहा: फ्लॅट क्रमांक, सदस्याचे नाव, महिना, रक्कम, भरल्याची तारीख, शेरा. पायथनची एक छोटी स्क्रिप्ट गूगल शीट्सच्या एपीआयकडून (प्रोग्रामला शीटची माहिती मागण्यासाठी दिलेली सोय) ही माहिती घेते आणि थकबाकी काढते. त्यासाठी कोणत्या टॅबमधल्या कोणत्या सेल हव्यात हे तिला सांगावे लागते. हा पत्ता म्हणजे रेंज. ती कधी कॉन्फिग फाइलमधून येते, कधी वेब फॉर्ममधून, कधी दुसऱ्या फंक्शनकडून. आणि कधी येतच नाही.

रेंज आली नाही तर दोनपैकी एक गोष्ट घडते. कोड चूक दाखवून थांबतो, किंवा चालत राहतो आणि भलत्याच सेल वाचतो. पहिल्या प्रकारात अर्धा तास जातो. दुसरा प्रकार मात्र हिशेब सभेपुढे मांडल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: गुपचूप चुकणारा कोड मोठ्याने थांबणारा करायचा.

लेखनाबद्दल एक सूचना. या लेखात सेलचे पत्ते आणि फंक्शनची नावे देवनागरीत लिहिली आहेत, जसे ए२:एफ१४४१. कोडमध्ये अक्षरे आणि अंक दोन्ही रोमन लिपीतच टाइप करायचे आहेत. हा फरक का महत्त्वाचा आहे ते पुढे येईलच.

आधी ओळखा: रेंज नेमकी कशी हरवली आहे

‘रेंज नाही’ हे वरवर एकच कारण दिसते. कोडच्या पातळीवर त्याची पाच वेगळी रूपे आहेत आणि प्रत्येक रूप वेगळ्या ठिकाणी फुटते.

पहिले रूप: आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला द्यायची किंमत, दिलेच नाही. गूगलच्या पायथन क्लायंट लायब्ररीत व्हॅल्यूज.गेट या कॉलला स्प्रेडशीट आयडी आणि रेंज या दोन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत. रेंज गाळली तर विनंती नेटवर्कवर जाण्याआधीच ‘मिसिंग रिक्वायर्ड पॅरामीटर’ असा टाइपएरर येतो. सर्वांत प्रामाणिक चूक हीच.

दुसरे रूप: आर्ग्युमेंट दिले, पण त्याची किंमत नन (रोमनमध्ये None, म्हणजे पायथनमधले ‘काहीच नाही’) आहे. ही लायब्ररी नन असलेली आर्ग्युमेंट आधी काढून टाकते आणि मग सक्तीच्या गोष्टी तपासते. त्यामुळे इथेही तोच टाइपएरर मिळतो. कॉन्फिगमधली नोंद राहून गेली किंवा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल सेट केले नाही, की बहुधा हे रूप दिसते.

तिसरे रूप: रिकामी स्ट्रिंग किंवा नुसती स्पेस. वेब फॉर्ममधली रिकामी चौकट अशीच येते. स्ट्रिंग अस्तित्वात असल्यामुळे लायब्ररीची तपासणी ती ओलांडून जाते. चूक मग सर्व्हरकडून येते आणि तिच्या मजकुरावरून मूळ कारण लगेच उमगत नाही.

चौथे रूप फसवे आहे: ‘नन’ हा शब्दच पत्त्यात मिसळतो. टॅबचे नाव, उद्गारचिन्ह आणि सेल अशी जुळणी एफ-स्ट्रिंगने, म्हणजे मजकुरात किंमत घालणाऱ्या पायथनच्या सोयीने, केली आणि सेलची किंमत नन असली, तर तयार होतो ‘देखभाल शुल्क!नन’. आता ती नन राहिली नाही, साधी चार अक्षरे झाली. सर्व्हर ४०० क्रमांकाची चूक देतो, ‘अनेबल टू पार्स रेंज’, आणि पुढे तोच पत्ता छापतो. जावास्क्रिप्टमध्ये त्याच जागी ‘अनडिफाइन्ड’ दिसते. चुकीच्या संदेशात यातला एखादा शब्द दिसला तर सर्व्हरकडे पाहू नका. पत्ता जिथे जोडला त्या ओळीच्या मागे जा.

पाचवे रूप: अर्धी रेंज. नुसता टॅब आहे, सेल नाहीत. किंवा सेल आहेत, टॅब नाही. किंवा एक टोक उघडे आहे. इथे बहुतेक वेळा चूक येतच नाही, कारण अर्ध्या रेंजलाही अर्थ असतो. फक्त तो तुमच्या मनातला असेलच असे नाही.

गाळलेला भाग कुठे कसा भरला जातो

प्रत्येक साधन गाळलेल्या भागाच्या जागी स्वतःचा अंदाज घालते, आणि हे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत. एका लायब्ररीची सवय दुसरीकडे नेली की घोळ होतो.

गूगल शीट्सच्या एपीआयमध्ये नुसते टॅबचे नाव दिले तर त्या टॅबच्या सगळ्या सेल धरल्या जातात. ए:एफ म्हणजे ते पूर्ण कॉलम, १:१ म्हणजे पूर्ण पहिली ओळ, ए२:एफ म्हणजे दुसऱ्या ओळीपासून खालपर्यंत. इथपर्यंत सरळ आहे. टॅब न देता फक्त ए२:एफ दिले तर मात्र स्प्रेडशीटमधला पहिला दिसणारा टॅब वाचला जातो. आज पहिला टॅब ‘देखभाल शुल्क’ आहे म्हणून सगळे ठीक चालते. उद्या खजिनदारांनी ‘पाणीपट्टी’ टॅब ओढून पुढे आणला, किंवा पहिला टॅब लपवला, की तोच कोड तक्रार न करता पाणीपट्टीचे आकडे देऊ लागतो. आमच्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत घातक मूक बदल हाच आहे.

एपीआयमध्ये पत्ता देण्याचा दुसरा प्रकार ग्रिडरेंज. फॉरमॅटिंग, ओळी हटवणे, सॉर्ट करणे अशा बॅचअपडेटच्या कामांना तो लागतो. त्यात शीट आयडी आणि चार आकडे असतात: सुरुवातीची ओळ, शेवटची ओळ, सुरुवातीचा कॉलम, शेवटचा कॉलम. मोजणी ० पासून, आणि शेवटचा आकडा रेंजमध्ये धरला जात नाही. ए३:बी४ म्हणजे ओळी २ ते ४ आणि कॉलम ० ते २. यातला जो आकडा गाळाल त्या बाजूला रेंजला सीमाच राहत नाही. शेवटची ओळ गाळली तर रेंज टॅबच्या तळापर्यंत जाते. चारही गाळले तर पूर्ण टॅब. आणि शीट आयडी गाळला तर तो ० धरला जातो. नव्या स्प्रेडशीटमधल्या पहिल्या टॅबचा आयडी साधारणपणे ० च असतो, म्हणजे भलत्या टॅबवर घाव बसण्याची पूर्ण सोय.

या शून्यापायी आणखी एक चूक वारंवार होते. पायथनमध्ये ‘सुरुवात असेल तर घाल’ अशा थाटाची साधी अट लिहिली की ० ला ‘नाही’ मानले जाते आणि वैध किंमत गळून पडते. अट ‘नन नाही ना’ अशीच लिहायची. जावास्क्रिप्टमध्ये दोन उभ्या रेघांचा ऑर वापरून डिफॉल्ट, म्हणजे काही न दिल्यास धरायची किंमत, दिला तर तेच होते. तिथे दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर वापरा. तो फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच ‘नाही’ मानतो आणि ॲप्स स्क्रिप्टच्या (गूगल शीट्समध्ये चालणारी जावास्क्रिप्ट) व्ही८ इंजिनातही चालतो.

ॲप्स स्क्रिप्टची तऱ्हा वेगळी. तिथे गेटरेंज चार आकडे घेते: ओळ, कॉलम, किती ओळी, किती कॉलम. मोजणी १ पासून. तिसरा आकडा शेवटची ओळ नसून ओळींची संख्या आहे. मथळा सोडून बाकी वाचायला लोक ‘शेवटची ओळ वजा १’ लिहितात. टॅबमध्ये फक्त मथळा असला तर ही वजाबाकी ० होते आणि ‘रेंजमधल्या ओळींची संख्या किमान १ हवी’ अशा अर्थाची चूक येते. वर्षाच्या सुरुवातीला नवा टॅब उघडल्याच्या दिवशी स्क्रिप्ट पडते ती बहुधा यामुळे. शेवटची ओळ २ पेक्षा कमी असेल तर रिकामी यादी परत करा, गेटरेंजकडे जाऊच नका.

ॲप्स स्क्रिप्टमध्ये ए२:एफ असा उघडा पत्ता चालतो, पण गेटव्हॅल्यूज ग्रिडच्या तळापर्यंतच्या सगळ्या ओळी देते, रिकाम्यासुद्धा. एपीआय तळाच्या रिकाम्या ओळी कापून देते. म्हणजे एकच पत्ता, पण एकीकडे ४० ओळी येतील आणि दुसरीकडे ९९९. गेटलास्टरोवर डोळे झाकून विसंबू नका. रिकामी स्ट्रिंग देणारा फॉर्म्युला किंवा न टिचकी मारलेला चेकबॉक्सही तिच्या लेखी मजकूरच आहे. टॅब सापडला नाही तर गेटशीटबायनेम नल परत करते आणि चूक पुढच्या ओळीवर, ‘नलचा गेटरेंज वाचता येत नाही’ अशा रूपात दिसते. टॅब मिळाला का, हे तिथल्या तिथे तपासा.

एक्सेल फाइल ओपनपायएक्सएल या पायथन लायब्ररीने वाचत असाल तर ओळी वाचणाऱ्या आयटररोजच्या सीमा ऐच्छिक आहेत. न दिल्यास पूर्ण शीट. पण आतली डिफॉल्ट भरण्याची पद्धत ० आणि नन यांच्यात फरक करत नाही. तुमच्या हिशेबाने शून्य ओळी हव्या होत्या म्हणून मॅक्सरो ० दिला, तर शून्याऐवजी पूर्ण शीट मिळते. शून्याची अट स्वतः आधी लिहावी लागते. मॅक्सरो हा गुणधर्मही फुगलेला असू शकतो, कारण खालच्या रिकाम्या सेलना रंग किंवा चौकट दिली असेल तर त्या मोजल्या जातात. रीड-ओन्ली पद्धतीत उघडलेल्या काही फाइलींमध्ये शीटचा आकार नोंदवलेलाच नसतो आणि तिथे मॅक्सरो नन येतो. अशा वेळी सीमा न मागता ओळी एकेक वाचत जाणे बरे. शिवाय ए२:एफ हा उघडा पत्ता एक्सेलला माहीत नाही आणि ओपनपायएक्सएल त्यावर व्हॅल्यूएरर देते. तिथे ए:एफ किंवा ए२:एफ१४४१ असाच पूर्ण पत्ता हवा. परत मिळणाऱ्या वस्तूचा आकारही पत्त्यानुसार बदलतो: ए१ मागितले तर एकच सेल, ए१:ए१ मागितले तर टपलमध्ये टपल, म्हणजे यादीत यादी.

पांडाज या पायथन लायब्ररीत रीडएक्सेल या फंक्शनला सेल-रेंज हे पॅरामीटरच नाही. टॅब, कॉलम, सोडायच्या ओळी आणि वाचायच्या ओळींची संख्या असे चार तुकड्यांत सांगावे लागते. इथला खड्डा टॅबच्या नावाचा. ते दिलेच नाही तर पहिला टॅब वाचला जातो. पण ते नन दिले तर सगळे टॅब वाचून त्यांची डिक्शनरी परत येते. ‘न देणे’ आणि ‘नन देणे’ यांचा अर्थ इथे पूर्ण वेगळा आहे. कॉन्फिगमधून आलेली नन तशीच पुढे ढकलली, की पुढची ओळ ‘डिक्ट ऑब्जेक्टकडे कॉलम्स नाही’ म्हणून पडते आणि माणूस कॉलम शोधत बसतो.

एक्सेल फाइलवर एसक्यूएल चालवणाऱ्या जुन्या कोडमध्ये, म्हणजे ओएलईडीबी या विंडोजच्या डेटा-जोडणीमार्फत, टॅबच्या नावानंतर डॉलर चिन्ह लागते आणि त्यापुढे हवी तर रेंज. रेंज गाळली तर वापरलेला भाग वाचला जातो. डॉलर गाळला तर तो शब्द नामांकित रेंज (स्वतःचे नाव दिलेला सेलचा गट) समजला जातो आणि ‘ऑब्जेक्ट सापडला नाही’ अशी चूक येते.

पायरी १: पत्ता ठरवण्याचे काम एकाच फंक्शनकडे द्या

प्रत्येक ठिकाणी ‘रेंज नसेल तर अमुक’ अशी अट पसरवली तर तीन महिन्यांत तीन वेगळे डिफॉल्ट तयार होतात. एकच फंक्शन ठेवा. त्याने कच्चा माल घ्यावा आणि पूर्ण, तपासलेला पत्ता द्यावा किंवा चूक उठवावी. बाकी कोडने टॅब आणि सेल स्वतः जोडायचे नाहीत.

फंक्शनचा सांगाडा असा:

रेंज_ठरवा (टॅब, सेल, काम, टॅब_यादी)
— टॅब नन किंवा रिकामा: चूक, ‘टॅबचे नाव दिलेले नाही’
— टॅब यादीत नाही: चूक, सोबत उपलब्ध टॅबची नावे
— सेल दिलेच नाहीत, काम ‘वाचन’: ठरलेला डिफॉल्ट ए२:एफ, आणि लॉगमध्ये नोंद
— सेल दिलेच नाहीत, काम ‘लेखन’ किंवा ‘पुसणे’: चूक
— सेल नन किंवा रिकामे: चूक, काम कोणतेही असो
— सेलचा आकार चुकीचा: चूक, आलेला मजकूर अवतरणात
— शेवटी: अवतरणातला टॅब, उद्गारचिन्ह, सेल

‘दिलेच नाही’ आणि ‘नन दिले’ हे वेगळे ओळखायचे असतील तर पॅरामीटरचा डिफॉल्ट नन ठेवू नका. मॉड्यूलमध्ये वर एक रिकामा ऑब्जेक्ट तयार करा, त्याला ‘न_दिलेले’ असे नाव द्या, तोच डिफॉल्ट ठेवा आणि ‘इज’ने तुलना करा. ही चैन नाही. रेंज जाणूनबुजून सोडणारा माणूस आणि कॉन्फिगमधली नोंद विसरलेला माणूस हे दोन वेगळे प्रसंग आहेत. पहिल्याला डिफॉल्ट द्यावा, दुसऱ्याला थांबवावे.

पायथनमध्ये स्वतःच्या फंक्शनच्या पॅरामीटरला ‘रेंज’ हे नाव देणे टाळा. त्याच नावाचे अंगभूत फंक्शन झाकले जाते आणि आतल्या लूपमध्ये ‘स्ट्रिंगला कॉल करता येत नाही’ असा, विषयाशी संबंध नसलेला टाइपएरर येतो. ‘सेल_पत्ता’ अशा अर्थाचे नाव घ्या.

पायरी २: टॅबची यादी आधी मागवा

स्प्रेडशीट्स.गेट हा कॉल फील्ड्स पॅरामीटरसह करा आणि फक्त ‘शीट्स.प्रॉपर्टीज’ मागा. त्यात प्रत्येक टॅबचे नाव, आयडी, ओळींची आणि कॉलमची संख्या मिळते, सेलमधला मजकूर येत नाही. एका धावेत हा कॉल एकदाच करून निकाल जपून ठेवा. वाचनाच्या विनंत्यांना प्रति वापरकर्ता मिनिटाला ६० आणि प्रति प्रोजेक्ट ३०० अशी मर्यादा आहे. प्रत्येक रेंजमागे एक जादा कॉल केला तर निम्मी मर्यादा त्यातच जाते आणि ४२९ क्रमांकाची चूक येऊ लागते.

ओळींची संख्या आणखी एका कारणाने लागते. मोठी शीट ५०० ओळींच्या तुकड्यांत वाचत असाल आणि ग्रिड १,००० ओळींचे असेल, तर १,००१ पासून सुरू होणारा तुकडा ‘ग्रिड मर्यादेबाहेर’ म्हणून फुटतो. सुरुवात ओळसंख्येपेक्षा मोठी झाली की लूप थांबवा.

पायरी ३: टॅबचे नाव नेहमी एकेरी अवतरणात

स्पेस किंवा विशेष चिन्ह असेल तर अवतरण सक्तीचे आहे. तरीही साध्या नावांनाही ते लावायची सवय ठेवा, कारण काही साधी नावे सेलच्या पत्त्यासारखी दिसतात. तिमाहीसाठी ठेवलेला ‘क्यू१’ टॅब अवतरणाशिवाय लिहिला तर तो पहिल्या दिसणाऱ्या टॅबमधली क्यू कॉलमची पहिली सेल ठरतो. महिन्याची इंग्रजी तीन अक्षरे आणि पुढे वर्ष, अशी टॅबची नावे आपल्याकडे सर्रास ठेवली जातात, आणि तीन अक्षरी कॉलम व ओळ क्रमांक हाही वैध आकार आहे. टॅब आणि नामांकित रेंज यांचे नाव एकच असेल तर अवतरणाशिवायचे नाव नामांकित रेंजकडे जाते, अवतरणातले टॅबकडे. नावातच एकेरी अवतरण असेल तर ते दोनदा लिहायचे.

पायरी ४: देवनागरीचे सापळे

मराठी टॅबच्या नावांत एक अडचण खास आपली आहे. ‘कर्मचाऱ्यांचे पगार’ हे नाव दोन प्रकारे टाइप होते. काही कीबोर्ड ‘ऱ्या’साठी खास ऱ हे अक्षर वापरतात, काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकासाठी त्या वेगळ्या स्ट्रिंग आहेत. टॅब डोळ्यांसमोर असताना ‘टॅब सापडत नाही’ अशी चूक येते. युनिकोडचे एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपे एकसारखी करणे, हा फरक मिटवत नाही. तुलनेपुरते दोन्ही बाजूंना र, हलन्त आणि जोडक या त्रयीच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवा, नंतर एनएफसी करा. विनंती पाठवताना मात्र टॅबच्या यादीतून आलेले मूळ नावच वापरा, तुमचे सुधारलेले नाव नाही. आणखी निश्चिंत राहायचे तर कॉन्फिगमध्ये नावाऐवजी शीट आयडी ठेवा. कुणी टॅबचे नाव बदलले तरी तो बदलत नाही. त्यावरून चालू नाव यादीत शोधता येते.

दुसरा सापळा अंकांचा. कुणी मराठी कीबोर्डवरून पत्ता टाइप केला तर अक्षरे रोमन आणि अंक देवनागरी असा मेळ तयार होतो. पायथनच्या रेगेक्समधले (मजकुराचा नमुना तपासण्याची पद्धत) ‘बॅकस्लॅश डी’ देवनागरी अंकही स्वीकारते, आणि इंट फंक्शन ‘२०’ चे बिनतक्रार वीस करते. म्हणजे तुमची तपासणी पास, आणि चूक मात्र सर्व्हरकडून. रेगेक्समध्ये ० ते ९ असा रोमन अंकांचा स्पष्ट संच लिहा किंवा रेगेक्सला ॲस्की हा फ्लॅग द्या. वापरकर्ता मराठी असेल तर त्याहून चांगले म्हणजे देवनागरी अंकांचे रोमन अंक करून घेणे. त्यात त्याची काही चूक नाही.

स्ट्रिप फंक्शन दोन्ही टोकांच्या स्पेस काढते, चॅटमधून कॉपी होऊन आलेली नॉन-ब्रेकिंग स्पेससुद्धा. पण झीरो विड्थ स्पेस तशीच राहते. सेलच्या पत्त्यात तिला काहीच काम नाही, काढून टाका. डॉलर चिन्हेही काढा.

यानंतर आकार तपासा. गूगलसाठी मान्य आकार पाच: ए१, ए१:एफ२०, ए:एफ, १:१, ए२:एफ. कॉलमची अक्षरे १ ते ३, ओळ क्रमांकाची सुरुवात ० ने नाही. नुसते ‘ए’, ‘ए१:’ किंवा ‘:एफ’ आले तर अंदाज बांधत बसू नका, परत पाठवा.

पायरी ५: डिफॉल्ट निवडताना

वाचनासाठी डिफॉल्ट द्यायचाच तर कॉलम बांधलेले आणि तळ उघडा असा द्या: ए२:एफ. पुष्कळ कोडमध्ये ए२:एफ१००० असा ठोकळा सापडतो, कारण नव्या टॅबला १,००० ओळी आणि २६ कॉलम असतात. आपल्या शीटमध्ये १,४४० नोंदी आहेत. त्या ठोकळ्यात ९९९ बसतात, ४४१ बाहेर राहतात आणि चूक कुठेच येत नाही. उलट पूर्ण टॅब हा डिफॉल्ट ठेवला तर बाजूच्या एच कॉलममध्ये कुणी केलेली बेरीज किंवा टिपणही ओळींत शिरते.

कॉलमची जागा बदलण्याची शक्यता असेल तर मथळ्यावरून पत्ता काढा. आधी ‘देखभाल शुल्क’ टॅबची १:१ ओळ वाचा, त्यात ‘रक्कम’ कितव्या जागी आहे ते शोधा, मग त्या क्रमांकाचे अक्षर करा. अक्षर करताना दर फेरीत आधी १ वजा करून मग २६ ने भागायचे. बाकी म्हणजे अक्षर, भागाकार पुढच्या फेरीला. वजाबाकी विसरली तर २६ वा कॉलम, म्हणजे झेड, चुकतो. २७ चा एए यायला हवा. मथळा दोनदा सापडला किंवा सापडलाच नाही तर चूक उठवा. पहिला सापडला तो घेऊ नका.

नामांकित रेंज हा चांगला पर्याय आहे, कारण वर ओळी किंवा मध्ये कॉलम घातले तरी तिचा पत्ता स्वतः सरकतो. पण तळाशी जोडलेल्या नव्या ओळी तिच्यात येतीलच असे नाही. वाढत्या नोंदींसाठी तिच्यावर अवलंबून राहू नका.

पायरी ६: उत्तर वाचताना तीच काळजी

पत्ता बरोबर असूनही रेंज रिकामी असेल तर एपीआयच्या उत्तरात ‘व्हॅल्यूज’ ही की नसतेच. थेट वाचली तर कीएरर येतो. गेटने वाचा आणि डिफॉल्ट रिकामी यादी द्या.

शिवाय ओळींची लांबी सारखी नसते. तळाच्या रिकाम्या ओळींप्रमाणे उजवीकडच्या रिकाम्या सेलही कापल्या जातात. आपला सहावा कॉलम शेरा आहे आणि तो बहुतेक ओळींत रिकामा. म्हणून काही ओळी सहा घटकांच्या, बहुतेक चारच्या किंवा पाचच्या येतील. ज्याने पैसे भरलेच नाहीत त्याची तारीखही रिकामी, म्हणजे नेमकी थकबाकीदारांची ओळ आखूड. तारखेची सेल क्रमांकाने वाचायला गेलात की इंडेक्सएरर. कुणी चूक गिळणारे ट्राय-एक्सेप्ट लावून अशा ओळी सोडून दिल्या असतील तर थकबाकी शून्य दिसेल. प्रत्येक ओळ सहा घटकांपर्यंत रिकाम्या स्ट्रिंगने भरून घ्या आणि मगच पुढे जा. एकाही ओळीत शेरा नसेल तर डेटाफ्रेम, म्हणजे पांडाजचा तक्ता, करताना ‘सहा कॉलम दिले, माहितीत पाच’ अशा अर्थाचा व्हॅल्यूएरर येतो. त्याचेही औषध हेच.

उत्तरातली ‘रेंज’ ही की फार कमी लोक पाहतात. सर्व्हरने प्रत्यक्षात कोणता टॅब आणि कोणत्या सेल धरल्या ते तिथे पूर्ण लिहिलेले असते, माहिती कमी आली तरीही. त्यातले टॅबचे नाव अपेक्षित नावाशी ताडून पाहा आणि ती पूर्ण स्ट्रिंग लॉगमध्ये टाका. पहिल्या दिसणाऱ्या टॅबचा घोटाळा या एका तुलनेत पकडला जातो.

रक्कम आकडा म्हणून हवी असेल तर व्हॅल्यू रेंडर ऑप्शन ‘अनफॉरमॅटेड’ द्या. तो गाळला तर पडद्यावर दिसते तशी, स्वल्पविराम आणि रुपयाच्या चिन्हासह स्ट्रिंग येते. मग तारखा मात्र अनुक्रमांक होऊन येतील, ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेले दिवस. तारीख स्ट्रिंगच हवी असेल तर डेटटाइम रेंडर ऑप्शन वेगळा सांगावा लागतो.

पायरी ७: लिहिताना आणि पुसताना डिफॉल्ट नको

व्हॅल्यूज.क्लिअरला नुसते टॅबचे नाव दिले तर त्या टॅबमधल्या सगळ्या किमती जातात, मथळ्यासकट. रंग आणि चौकटी राहतात, त्यामुळे पहिल्या नजरेत शीट शाबूत वाटते. ग्रिडरेंजमधला शेवटच्या ओळीचा आकडा गाळून रेंज हटवली तर तळापर्यंत सगळे जाते. म्हणून पुसणाऱ्या फंक्शनने चारही सीमा मागाव्यात आणि एकही कमी असेल तर थांबावे. पुसण्याआधी तीच रेंज वाचून किती ओळींत मजकूर आहे ते मोजा. अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या तर नकार द्या. गूगल शीट्सच्या आवृत्ती इतिहासातून मागे जाता येते, पण मधल्या काळात इतरांनी भरलेल्या नोंदीही त्यासोबत मागे जातात.

व्हॅल्यूज.अपेंडमध्ये रेंजचा अर्थ वेगळा आहे. ती लिहिण्याची जागा नाही. तिच्या आत तक्ता शोधला जातो आणि त्याच्या तळाखाली ओळ जोडली जाते. नुसता टॅब दिला तर टॅबमधला शेवटचा तक्ता धरला जातो. मुख्य यादीच्या खाली कुणी छोटा गोषवारा मांडला असेल तर नवी नोंद त्या गोषवाऱ्याखाली जाऊन बसते. ए१:एफ१ असा मथळ्याचा पत्ता द्या, म्हणजे मुख्य तक्ताच सापडेल. आणि नव्या ओळींमुळे खालचा मजकूर झाकला जाऊ नये म्हणून इन्सर्ट डेटा ऑप्शन ‘इन्सर्ट रोज’ ठेवा.

तपासणीसाठी नेमके इनपुट

रेंज_ठरवा या फंक्शनला नेटवर्क लागत नाही, म्हणून त्याच्या चाचण्या सेकंदात होतात. इनपुट हे घ्या: आर्ग्युमेंट नाही, नन, रिकामी स्ट्रिंग, तीन स्पेस, ‘नन’ ही अक्षरे, ‘ए’, ‘ए०’, ‘ए२:’, ‘ए२:एफ’, रोमन लहान अक्षरांतला ए२:एफ, देवनागरी अंकांचा पत्ता, शेवटी झीरो विड्थ स्पेस असलेला पत्ता, एकेरी अवतरण असलेले टॅबचे नाव, ‘कर्मचाऱ्यांचे पगार’ दोन्ही पद्धतींनी टाइप केलेले. यातले प्रत्येक इनपुट वाचन, लेखन आणि पुसणे या तिन्ही कामांसाठी चालवा. ‘नन’ ही अक्षरे तिन्हींत नाकारली गेली पाहिजेत. आर्ग्युमेंट नसणे फक्त वाचनात चालावे.

यानंतर खऱ्या शीटची प्रत काढून तिच्यावर चार प्रयोग करा: फक्त मथळा असलेला टॅब, पूर्ण रिकामा टॅब, शेवटचा कॉलम सगळीकडे रिकामा असलेला टॅब, आणि टॅबचा क्रम उलटा केलेली फाइल. चौथ्या प्रयोगात थकबाकीचा आकडा एका रुपयानेही बदलला, तर कोडमध्ये कुठेतरी टॅबशिवायची रेंज अजून जाते आहे. ती शोधायला उद्गारचिन्ह नसलेले सगळे पत्ते लॉगमधून गाळून काढा.